पाय आधीच धुऊन येणाऱ्यांचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीचा फोटो आपल्या अंकात पाहिला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. आमच्या चर्चच्या मंडळीतही हा विधी होतो, म्हणून हे पत्र. मी निवृत्त परिचारिका. 34 वर्षं लोकांचे पाय पाहिलेत, तेवढ्या अधिकारानं लिहिते.

यंदा बारा जणांची यादी आठ दिवस आधीच ठरली. पंच कमिटीतले पाच, देणगीदार तीन, उरलेले त्यांचे सोयरे. पहिल्या खुर्चीवर कोण, यावरून कुरबूरही झाली. लूकच्या शुभवर्तमानात त्या शेवटच्या भोजनाच्या वेळीच शिष्य मोठेपणावरून वाद घालतात, म्हणजे आम्ही परंपरा मोडलेली नाही म्हणायची. सगळे घरून साबणानं पाय धुऊन, मोजे घालून आलेले. पाळकसाहेबांनी तांब्याभर पाणी घातलं, टॉवेल टेकवला, मोबाइलवाले पुढे सरसावले. झालं.

1981 साली मी शिकाऊ होते. वॉर्डात ऊसतोडीहून परतलेला एक म्हातारा होता, टाचांच्या भेगांत काळी माती रुतलेली. सिस्टर म्हणाल्या, "ड्रेसिंगच्या आधी याचे पाय धू." मी म्हटलं, हे आयाबाईचं काम. त्या काही बोलल्या नाहीत. स्वतः फरशीवर बसल्या, पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात ते पाय घेतले आणि बोटांची एकेक बेचकी धुतली. म्हातारा ओशाळून पाय मागं ओढायचा, "राहू द्या ना माय, लई घाण हाये." पाणी तीनदा बदललं. तिसऱ्या खेपेची बादली मी आणली.

योहानाच्या 13 व्या अध्यायात यहूदा उठून जातो तो पाय धुणं झाल्यावर. म्हणजे धरून देणाऱ्याचेही पाय येशूनं धुतले. आमच्या यादीत मंडळीशी अबोला धरलेला एकही नाही. 2013 साली पोप फ्रान्सिस हा विधी करायला रोमच्या बालसुधारगृहात गेले. तिथं मुलींचे पाय होते, मुसलमानांचेही. एवढं लांब कशाला, ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी मातंग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आमच्या जालन्याजवळच बेथेल हे गाव वसवलं. त्यांचं नाव आम्ही घेतो ते फक्त भाषणात.

मी काही सोवळी नाही. मंडळीला दिलेल्या पंख्यावर यजमानांचं नाव मीच रंगवून घेतलंय. पंखा सुरू झाला की ते दिसत नाही, याचं वाईटही वाटलंय.

विधी आटोपल्यावर घंगाळ घासायला गेलं ते मंडळीचा झाडू मारणाऱ्या बाईकडे. तिच्या टाचेला फडकं बांधलेलं होतं. पुढच्या वर्षी यादी नको, मोबाइल नकोत आणि एक खुर्ची तिला द्यावी. येशूला आधी पाय धुऊ न देणाऱ्या पेत्र या शिष्यासारखी ती नाहीच म्हणेल. पण आधी तिला कोणी विचारायला तर हवं.

एक निवृत्त परिचारिका, जालना