खोकला नसला तरी पंप चालू ठेव, आई

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा म्हणाले, "हिचा खोकला गेला, म्हणून इन्हेलरचा पंप बंद केलाय. परत कफ हिरवा झालाच तर गेल्या वेळच्या गोळ्या उरल्यात घरात." ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर हा विषय काढला की आई "मला काही झालेलं नाही" म्हणून बाजूच्या काकूंची गोष्ट सुरू करते. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा आणि आईला मध्ये उठू देऊ नका.

आई, तुला अजून वाटतं की सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लावणारा हा फुप्फुसाचा आजार, विडी ओढणाऱ्यांचा आहे आणि डॉक्टरांनी तुझ्या फाइलवर चुकून लिहिलाय. चुकून नाही. लहानपणी तू आजीजवळ चुलीपाशी बसून फुंकणी फुंकलीस. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आलीस, तर इथे भुशाची सिगडी. मधे बाटली उभी धरून भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या भोकात पेटवायचं. ती नीट पेट घेईपर्यंत पिवळट धुराने सगळं स्वयंपाकघर भरायचं आणि तू पदर नाकाला लावून तिथेच पोळ्यांची कणीक मळायचीस. गॅस पुष्कळ उशिरा आला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच सविस्तर मांडलं होतं की कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांमध्येही हा आजार मोठ्या प्रमाणात आहे आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर आहे. २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी लोक होते. त्यात तुझ्यासारख्या बायका किती असतील, ज्यांना आयुष्यभर "दम्याची सवय आहे हिला" एवढंच ऐकावं लागलं. मला याचा फार राग येतो.

आता जंतूंचं. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून थोडं लांबेल.

आम्ही कॉलेजात शिकलो तेव्हा पुस्तकात सरळ लिहिलेलं असायचं की स्वरयंत्राच्या खाली, निरोगी फुप्फुसात जंतू नसतात. अमेरिकेत २००७ साली माणसाच्या शरीरातल्या जंतूंची मोजदाद करायचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात नाक, तोंड, त्वचा, आतडं सगळं होतं, फुप्फुस नव्हतं. मग २०१० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी बशीत जंतू वाढवून बघण्याऐवजी त्यांचे जनुक वाचले. आम्ही प्रयोगशाळेत जे कल्चर लावतो त्यात पुष्कळ जाती उगवतच नाहीत, जनुक वाचले की त्याही सापडतात. निरोगी माणसांच्या श्वासनलिकांतही जंतू निघाले. थोडे, पण निघाले. दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांत मात्र वस्तीच निराळी होती. निरोगी लोकांत प्रिव्होटेलासारखे तोंडातलेच जंतू जास्त, आजाऱ्यांत हिमोफिलस नावाचे जंतू जास्त.

निरोगी फुप्फुस हे धर्मशाळेसारखं आहे. झोपेत थोडी लाळ खाली उतरते, तिच्याबरोबर तोंडातले जंतू येतात, एखादी रात्र काढतात आणि जातात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केस असतात, ते सतत हलत असतात आणि कफाचा पातळ थर घशाकडे वर ढकलत राहतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. येणारे आणि जाणारे यांचा मेळ असतो, म्हणून कुणी मुक्काम ठोकत नाही.

तुझ्या फुप्फुसात, आई, हे बाहेर काढण्याचं काम मंदावलंय. इतक्या वर्षांच्या धुराने ते केस झडले, आखडले. कफ करणाऱ्या ग्रंथी वाढल्या, कफ घट्ट झाला. त्या घट्ट कफात हिमोफिलस, मोरॅक्सेला असले जंतू ठाण मांडून बसतात. त्यांना हाकलायला पांढऱ्या पेशी येतात. त्या पेशी जंतूंवर जी रसायनं सोडतात त्यात इलॅस्टेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, आणि ते जंतू आणि आपलं फुप्फुस असा भेद करत नाही. फुप्फुसाची लवचीक जाळी तेच खातं, उरलेले केस तेच मंद करतं, कफ आणखी तयार व्हायलाही तेच कारण होतं. कफ वाढला की जंतूंचं फावतं, जंतू वाढले की आणखी पेशी येतात. पीटर कोल या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९८६ साली हे दुष्टचक्र मांडलं. त्यांनी ते ब्राँकिएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात त्या आजाराबद्दल मांडलं होतं, पण आज सीओपीडी समजून घेतानाही तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवतात.

मला तुला सांगायचंय ते एवढंच की हे चक्र खोकला थांबला म्हणून थांबत नाही. तुला बरं वाटत असतं त्या दिवसांतही आत दाह चालू असतो. तो दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून कळत नाही. पंप त्या दिवसांसाठी आहे. ऐन खोकल्यात तो जितका लागतो, तितकाच हे बरे दिवस लांबवायला लागतो.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. रागावू नका. तुम्ही आईसाठी रात्री-अपरात्री औषध आणायला धावता, हे मला ठाऊक आहे. पण उरलेल्या पट्टीतली अँटिबायोटिक द्यायची नाही. आणि औषधाच्या दुकानातल्या मुलाला विचारून नवीही आणायची नाही.

कफाचा हिरवा रंग जंतूंचा नसतो. पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट विकर असतं, त्याचा तो रंग. म्हणजे हिरवा कफ सांगतो की आत पेशींची झुंबड उडालीय. ती बहुतेकदा जंतूंमुळे असते, पण कुठल्या जंतूमुळे ते रंगावरून कळत नाही. अमेरिकेतल्या बफेलोमध्ये डॉ. संजय सेठी यांच्या गटाने अशा रुग्णांचे कफ वर्षानुवर्षं नियमित तपासले. २००२ साली त्यांनी दाखवलं की आजार उसळतो तेव्हा पुष्कळदा त्याच जातीच्या जंतूचा नवा वाण येऊन बसलेला असतो, शरीराने पूर्वी न पाहिलेला. मग गेल्या हिवाळ्यातली गोळी या हिवाळ्यातल्या जंतूला लागू पडेल असं कशावरून धरायचं? शिवाय अर्धवट डोसाने मरतात ते कमकुवत जंतू, आणि त्यांच्याबरोबर ते बिचारे निरुपद्रवी. चिवट तेवढे मागे राहतात. प्रयोगशाळेत मी हे रोज बघते. बशीत औषधाच्या चकतीभोवती जिथे स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं, तिथे अगदी चकतीला खेटून जंतू उगवलेले असतात. कुणाच्या तरी आईचा कफ असतो तो.

तुमच्या मित्राला डॉक्टरांनी वर्षभर ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक दिली म्हणून आईलाही द्यावी, असं तुम्ही म्हणालात. ती गोष्ट खरी आहे. २०११ साली अमेरिकेत ११४२ रुग्णांवर तो प्रयोग झाला, रोज २५० मिलिग्रॅम, वर्षभर. ज्यांना ती मिळाली त्यांचा आजार कमी वेळा उसळला. हे औषध जंतूंना आवरतंच, दाहही थोडा उतरवतं. पण काही जणांची श्रवणशक्ती कमी झाली, जंतूंमध्ये औषधाला न जुमानण्याची ताकद आली, आणि हृदयाचा आलेख बघितल्याशिवाय ते सुरू करायचं नसतं. आईच्या कानाचं आधीच काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तो निर्णय छातीच्या डॉक्टरांनाच घेऊ द्या.

मग कधी धावायचं? धाप नेहमीपेक्षा वाढली, कफ वाढला, कफाचा रंग बदलला, यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळसर दिसले किंवा आई गुंगीत बडबडायला लागली तर सरळ हॉस्पिटल, मला फोन वाटेत करा. आणि सर्दीला हलकं समजू नका. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी सीओपीडीच्या काही स्वयंसेवकांना मुद्दाम साध्या सर्दीचा विषाणू दिला. पंधराव्या दिवशी त्यांच्या कफात हिमोफिलस चांगलाच वाढलेला होता. निरोगी लोकांत तसं झालं नाही. म्हणजे सर्दी ओसरली असं आपण म्हणतो, तेव्हा आईचा धोक्याचा काळ सुरू होत असतो. घरात पोरं शिंकत असतील तर आईने दोन दिवस त्यांना मांडीवर नाही घेतलं तरी चालेल. फ्लूची लस दर वर्षी, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूची लस डॉक्टरांना विचारून घ्या. ही राहूनच जाते आहे.

पंप स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या नळकांड्यातून घे, आई. नुसता तोंडात मारलास की बरंचसं औषध घशात चिकटतं. नंतर खळखळून चूळ भर, कारण तुझ्या पंपात स्टेरॉइडही आहे, त्याने तोंडात बुरशी धरते. स्टेरॉइडचा आणखी एक हिशोब आहे. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त असतील त्यांना त्याचा फायदा जास्त. ज्यांच्यात त्या अगदी कमी असतात त्यांना फायदा कमी, आणि न्यूमोनियाचा धोका तर स्टेरॉइडने वाढतोच. तुझ्या बाबतीत ते ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारायचंय. तोवर आपल्या मनाने काही बंद करायचं नाही.

रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवून झोपत जा. तोंडातलं जे आहे तेच खाली उतरतं, हे वर लिहिलंच आहे. आणि बाबा, ती डासांची कॉइल आजच बंद करा. २००३ साली केलेल्या एका मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघालेले दिसले. मच्छरदाणी लावा, जुनी पेटीत आहे. देवापुढे उदबत्तीऐवजी निरांजन पुरे. कोहऱ्याच्या दिवसांत खोलीत सिगडी घेऊन बसायचं तर अजिबात नाही. हीटर मी पाठवते.

गाणं मात्र सोडू नकोस. तू म्हणालीस, आता तान पुरी होत नाही, समेच्या आधीच दम तुटतो, म्हणून मुलींना शिकवणं बंद करते. नको ना. लहान आवर्तनाच्या बंदिशी घे, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेव, बसून शिकव. सावकाश, पोटातून श्वास सोडायचा सराव तुला फिजिओथेरपीवालेही सांगतातच. तुझ्याइतकं ते कुणाला जमणार आहे? डिसेंबरात तानसेन समारोहाला मी येते आहे. हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, रात्रीच्या थंडीत बसायचं नाही, आपण सकाळच्या सभेला जाऊ, उन्हात खुर्ची टाकून.

बाबा, उद्या आईच्या फाइलमधले दोन कागद व्हॉट्सॲपवर पाठवा. एक फुंकर मारायच्या तपासणीचा, आणि एक रक्ताचा, ज्यात इओसिनोफिल लिहिलेलं असेल. पंपाचा फोटोही पाठवा, त्यावर किती डोस उरलेत तो आकडा दिसेल असा. आणि त्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी पुढच्या वेळी जाताना डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालून ठेवा.

आज रात्रीपासून पंप सुरू, आई. घेतलास की मला एक मिस्ड कॉल दे.

तुमची,
मनू