जॉन डेचं दगडी दुकान

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र.

गेल्या शनिवारी बॉइसीहून साडेतीन तास गाडी हाकत अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यातल्या जॉन डे या गावाला गेले. सोन्याच्या खाणींवर वसलेला मुलूख. तिथे 'काम वा चुंग' नावाचं एक बसकं दगडी दुकान आहे. 1887च्या सुमारास लुंग ऑन आणि इंग हे या दोघा चिनी तरुणांनी ते घेतलं. लुंग ऑन व्यापार बघायचा, इंग हे वैद्यकी. बाबा, तो नाडी बघायचा! मनगटावर तीन बोटं ठेवून, अगदी आपल्या अप्पांसारखा. चिनी मजुरांबरोबर गोरे शेतकरी, गुराखीही त्याच्याकडे यायचे. औषधांचे डबे अजून फळीवर तसेच आहेत. आत शिरताच धूर आणि मुळ्यांचा मिसळलेला वास येतो, आई, अप्पांच्या खोलीत यायचा तसा. दाराला पत्रा ठोकलाय आणि त्यात गोळ्यांची भोकं. चिनी माणसाला तेव्हा काय किंमत होती बघा: त्याच 1887 साली स्नेक नदीकाठी तीसहून जास्त चिनी खाणकामगार मारले गेले आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. 1882च्या अमेरिकी कायद्यानं चिनी मजुरांना येण्याचीच बंदी घातली होती. ती उठली 1943 साली.

लुंग ऑनची बायको आणि मुलगी चीनमध्येच राहिली. तो 1940 साली इथेच गेला. इंग हे 1952 साली पोर्टलंडमध्ये वारला. दुकानातल्या त्याच्या पलंगाखाली न वटवलेले चेक सापडले, 23 हजार डॉलरहून जास्त रकमेचे! रोग्यांचे पैसे बुडालेलेच म्हणून बसला असेल, की गरिबांकडून घ्यायचेच नव्हते, कोण जाणे. मला दुसरं वाटायला आवडतं.

दुकानात घरून आलेली पत्रंही सापडली. 'परत ये' म्हणणारी. त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं, तरी मी त्या कागदांच्या फोटोसमोरून लवकर हलले नाही.

तर मुद्दा. तिकडे येऊन पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायची तारीख पुन्हा पुढे गेली. आत्ता आले तर परत येताना अडकेन, म्हणून दिवाळीला येत नाही. बाबा, मोठ्या आवाजात कॅलेंडरवरची तारीख खोडू नका, आईला आधी चहा द्या. आणि आई, चकलीची भाजणी दळून ठेवू नकोस, फेब्रुवारीत ताजी करू.

तुमची,
मनू