पदराआडची प्रार्थना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आला की पेपरात केक, रोषणाई, चर्चबाहेरची गर्दी सगळं येतं, बघायला छानच वाटतं, पण आत डोळे मिटून बसलेला माणूस नेमकं करतो काय हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी नगरची. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे आजी. बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. आता एका खोलीत आम्ही सात माणसं, दार लावणार कुठलं? आजी पिठाच्या डब्याकडे तोंड करून बसायची, पदर पार नाकापर्यंत ओढायची, झालं दार बंद. तेवढ्यात आम्ही पोरं कितीही भांडलो तरी हलायची नाही (आमेन झालं की धपाटा ठरलेला).

१९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. रात्री लाल मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, थापतानाच तुटायची, आणि ती पुढ्यात ठेवून येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. फक्त आजची मागायची, उद्याची नाही. आणि 'मला' नाही, 'आम्हांस'. शेकडो वेळा म्हटलेलं, पण हे माझ्या लक्षात आलं पन्नाशीनंतर!

रविवारी पेटी-तबल्यावर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं व्हायची. त्यांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवी काही सोडली नाही, त्यामुळे आजीला देवाशी बोलायला वेगळी भाषा शिकावी लागली नाही.

आता व्हॉट्सअॅपवर प्रेयर ग्रुप आहे. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा व्हिसा, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मीपण 'प्रार्थनेत आहे' टाइप करते आणि कुकर लावायला जाते, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी मिस्टरांची बायपास झाली. आयसीयूबाहेर बसले होते, एरवी बायकांच्या सभेत दहा-दहा मिनिटं प्रार्थना चालवणारी मी, एक वाक्य सुचेना. मग ओढणी तोंडावर घेतली आणि पाठ असलेलं तेच म्हणायला लागले. 'आम्हांस'पाशी आले तेव्हा आठवलं, शेजारच्या बाईंचा मुलगापण आतच आहे, मग त्यालाही धरून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. ओढणी काढली तर त्या बाई पाण्याची बाटली पुढे करून म्हणाल्या, "काकू, चक्कर येतीय का?"

आपली एक वाचक,
अहिल्यानगर