तापी ओलांडून न येणारा रेडिओ

ती. आई व ती. आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

आप्पा, फोनवर तुम्ही वैतागलात. आमच्या अमळनेरच्या सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे इथल्या लोकांनी चालवलेल्या छोट्या केंद्रासाठी, सकाळपासून काटा फिरवताय आणि खरखर सोडून काही लागत नाही. ते लागणारच नाही हो! आमचा ट्रान्समीटर ५० वॅटचा. आपल्या ओसरीतला जुना पिवळा बल्बसुद्धा ६० चा होता. टॉवर ३० मीटरच्या वर नेता येत नाही आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकाड आलं की संपलं. अमळनेरच्या आसपास १०-१२ किलोमीटर, एवढंच आमचं राज्य. तुम्ही शेतात ऐकायचात ती जळगाव आकाशवाणी मध्यम लहरींवरची. त्या लहरी जमीन धरून लांबपर्यंत जातात. शिरपूरला आमचा आवाज येणं शक्य नाही.

"मग उपयोग काय?" असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ऐकू आलं. हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. तरी सुरुवातीला परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना होती. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने असं पहिलं केंद्र काढलं. आमच्यासारख्या सामाजिक संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या शेवटी. संस्थेच्या नोंदणीला ३ वर्षं झालेली हवीत, दिल्लीची मंजुरी हवी, लहर देणारं खातं आणखी निराळं. त्या कागदांचं पुराण नको.

बातम्या कधी लागतात, हेही विचारलंत. स्वतःच्या बातम्या द्यायला आम्हाला बंदी आहे, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, परीक्षा, पाण्याच्या वेळा चालतात. मला हा नियम जाचकच वाटतो. नळाला पाणी कधी येणार हे सांगायचं, पण आठ दिवस का आलं नाही असं विचारलं की त्याची बातमी होते!

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. माइक सुरू केला की पंखा बंद, नाहीतर त्याचीच घरघर जास्त. मे महिन्यात तिथे दहा मिनिटं बसवत नाही, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल बोलायला एक मावशी आल्या होत्या. रोज बांधावर मोठमोठ्याने बोलणारी बाई, माइक पुढे आल्याबरोबर "सदर अळीचा प्रादुर्भाव आढळून येतो" असं सुरू! मी थांबवलं, म्हटलं, घरी जाऊबाईंशी बोलता तसं बोला. मग सुटल्या. "बाहेरथून बोंड चांगलं दिखस, फोडं ते मझार अळी बठेल!" वासाने नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा कुठे टांगायचा, कधी टांगायचा, सगळं अहिराणीतच. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका त्यांना अडवून विचारत होत्या. जळगावच्या मोठ्या केंद्राला प्रत्येक गावच्या मावशीसाठी वेळ कुठून मिळणार? आम्हाला तर निम्मे कार्यक्रम इथल्याच लोकांना घेऊन करायचे असा नियमच आहे. हा नियम मात्र मला फार आवडतो.

आता आई, मुद्द्याचं. मला तुझी कानबाई देवीची गाणी हवीत. आवाज बसला, दम लागतो, हे मी ऐकणार नाही; दम लागला तर थांबू, पाणी पिऊ, पुन्हा घेऊ. इथल्या बायकांना गाणी येतात, पण मधली कडवी सगळ्यांची गळालीत आणि तुझी नाहीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत कुणाला फुरसत नसते. म्हणून आषाढातच ये. कार्यक्रम ३ महिने जपून ठेवायचा असा कायदा आहे. तुझी गाणी मी त्यानंतरही पुसणार नाही.

आप्पा, तुम्हीही या. विहिरीवर मोट चालायची तेव्हाचं सांगायला मला माणूस हवा आहे आणि मानधन चहाशिवाय काही नाही.

सकाळची एसटी धरा, दुपारच्या गाडीला फार गर्दी असते. येताना कळण्याचं पीठ आणा. इथला गिरणीवाला उडीद फार घालतो, भाकरी चिकट होते.

तुमची,
बेबी