टूरिंग टॉकीजवाल्या काकांना, गावाकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या पटांगणात आमचं वाचनालय फुकट सिनेमा दाखवतं. लोक यायचे, पण मध्यंतराच्या आतच पटांगण निम्मं रिकामं व्हायचं. तुम्ही आलात आणि ते थांबलं. गावातल्या सगळ्यांना कळावं म्हणून हे आभार उघडपणे मानते आहे.

पुसेगावसारख्या यात्रांमधून तंबूतलं मशीन चालवण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली. तरी आल्या आल्या तुम्ही प्रोजेक्टरकडे पाहिलं नाही. "डेअरीचं दूध किती वाजता उरकतं?" हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा, "शेतातल्या पाण्याच्या मोटारीची लाईट या आठवड्यात दिवसाची की रात्रीची?" रात्रीची लाईट असली की निम्मे गडी पाणी द्यायला रानात असतात, मग सिनेमा बघायचा कोणी? आता लाईटचं वेळापत्रक बघून तारीख ठरते. दूध घालून झालं की साडेसातला खेळ सुरू, आणि स्पीकर दहाच्या आत बंद. पौर्णिमेचे दिवस टाळतो, कारण चांदण्यात परदा फिका पडतो.

मग तुम्ही पटांगणात ठिकठिकाणी उभं राहून टाळ्या वाजवल्या. समोरच्या भिंतीवर आपटून टाळी परत येत होती, म्हणून मागच्यांना संवाद कळत नव्हते. परद्याच्या पायाशी ठेवलेले स्पीकर तुम्ही बांबूवर चढवले, त्यांची तोंडं मागच्या रांगेकडे किंचित झुकवली आणि भिंतीवर देवळातल्या सतरंज्या टांगायला लावल्या. खर्च काही नाही. आम्ही तर नवे स्पीकर घ्यायला वर्गणी काढणार होतो!

पण सगळ्यात मोठे उपकार 'कालिया मर्दन'चे. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा मूकपट, त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झालेली. आवाज नसलेला सिनेमा आजची पोरं बघतील, यावर आमच्यातल्या कुणाचाच विश्वास नव्हता. तुम्ही भजनी मंडळाला परद्याशेजारी बसवलं, पेटी, पखवाज आणि टाळांसकट. मूकपटांच्या काळी वादक असेच समोर बसायचे, हे त्यांना समजावून सांगितलं आणि दोन संध्याकाळी तालीमही घेतलीत. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा मजकूर सातवीतल्या मुलींनी माइकवरून मराठीत सांगितला. कृष्णानं डोहात उडी घेतली तेव्हा पखवाजवाल्या आबांनी अशी काही थाप मारली की पुढची बारकी पोरं उठून उभी राहिली. कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचायला लागला आणि बायकांनी आपण होऊन गवळण धरली. ती तालमीत कुठेच नव्हती. खेळ संपल्यावर माणसं घरी जायला तयार नव्हती, "परत लावा" म्हणून आग्रह चालला होता.

त्या रात्रीपासून प्रत्येक खेळात गावाचं काहीतरी असतं. तुमच्या तंबूत आधी जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड दाखवायचे ना, तसे आम्ही आधी गावातले जुने फोटो दाखवतो. कुणाचं लग्न, कुणाची बैलजोडी. नावं ओळखायला म्हातारी माणसं वेळेआधी येऊन जागा धरतात.

परदा बांधायला तुम्ही शिकवलेली दोन पोरं आता शेजारच्या वाडीवरही जातात. वाऱ्यात ताण कुठे सैल सोडायचा, यावर मात्र त्यांचे अजून वाद होतात. पुढच्या खेळाला तुम्ही दुपारीच या, म्हणजे ते तुमच्या समोर मिटेल. जेवण आमच्याकडेच. मंडळानं नव्या मूकपटासाठी चाली बसवायला घेतल्या आहेत, त्याही तुम्हाला ऐकवायच्या आहेत.

आपली,
वाचनालयाची एक कार्यकर्ती