नोकरीचं मी काढणार नाही

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मी ती नोकरी सोडली," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन आण्णांकडे दिला. तुला ते लागलं असणार. आण्णांनी नेहमीसारखं पावसापाण्याचं विचारलं, फोन ठेवला आणि जेवायला बसले. जेवताना एवढंच म्हणाले, "तिनं विचार करूनच केलं असेल." बी.पी.ची गोळी घेतली का म्हणून विचारलं तर म्हणे, तीही विचार करूनच घेईन. तुझं हट्टीपण कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. नोकरीचं काढणार नाही, हे आधीच सांगते. इंग्लंडात यॉर्कला दोन वर्षांच्या फेलोशिपवर चाललीस, चांगलंच आहे. ते आरोग्य अर्थशास्त्राचं केंद्र १९८३ पासूनचं, तिथं माणसाच्या एका धडधाकट वर्षासाठी किती खर्च करणं परवडतं याचा हिशेब शिकवतात, हे तूच सांगितलंस. इंग्लंडात त्याची रेघ कितीतरी वर्षं वीस ते तीस हजार पौंडांवर धरली होती म्हणालीस, तेव्हा आण्णांनी रुपयांत करून बघितलं. वीस लाखांच्या वर गेलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. इकडं ऊसतोडीच्या कोयत्यावरच्या बाईचा एका दिवसाचा खाडा झाला तर पाचशे रुपये कापतात. शिक तू तो हिशेब, अवश्य शिक.

पण दोन वर्षं म्हणजे दोनच ना गं? पुढं काय?

बघ, काढलंच. पण मी काय बघितलं ते तुला ठाऊक आहे. मी जिल्हा परिषदेत नर्स म्हणून लागले ती कायम लागले, म्हणून आज पहिल्या आठवड्यात पेन्शन जमा होते आणि आण्णांच्या बंद पडलेल्या शाळेनंतरसुद्धा घर उभं राहिलं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या पोरींना जुनी पेन्शन नाही. कंत्राटी सिस्टरना तर अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे एक दिवसाचा खंड, की पुन्हा नवी ऑर्डर. त्या एका दिवसात कुणाचं तोंड बघवत नसे. कामं माझ्यासारखीच, उलट जास्तच. तुझ्या फेलोशिपचं ऐकलं की मला ऊसतोडीच्या मुकादमाची उचलच आठवते: पैसा आधी, मग सांगतील तिकडं बिऱ्हाड हलवायचं.

हे लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडापुढं धरून वाचतेस.

तुला पोलिओचे रविवार आठवतात का? तू माझ्या मागं खडू घेऊन फिरायचीस. घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला की दारावर पी, कुणी राहिलं की फुली. एकदा मी एका घरात लेकराच्या करंगळीला शाई लावत होते, तेवढ्यात तू पुढच्या सगळ्या गल्लीत पी काढत गेलीस. बंद घरांवर, गोठ्यावर, नानांच्या पिठाच्या गिरणीवरसुद्धा. दुपारी सुपरवायझर यायचे होते. ओल्या फडक्यानं पुसत फिरावं लागलं मला, आणि तू रडून गोंधळ घातलास की माझे पी का पुसतेस. आता तू आकड्यांवर एवढी शंका घेतेस, कुणाच्याही रजिस्टरवर विश्वास ठेवत नाहीस, तेव्हा मला ती गल्ली आठवून हसू येतं.

आणि रक्तवाढीच्या गोळ्या. मी त्या मोजून द्यायचे, सही घ्यायचे आणि मला वाटायचं काम झालं. सावित्राच्या घरी पत्र्याखालच्या आढ्यातून कॅरीबॅग ओढून काढलीस ती तू. सगळ्या लाल गोळ्या त्यात, पाकिटंसुद्धा फोडलेली नव्हती. मी चिडले, आणि तू तिच्याजवळ बसून विचारत राहिलीस. मळमळतं, शौचाला काळं होतं, सासू म्हणते उष्ण पडेल, शिवाय उपाशीपोटी खुरपायला जायचं तर गोळी कशावर घ्यायची? सांगूनही बाई गोळी का घेत नाही, हा तुझा विषय त्या ओट्यावरच ठरला असं मी लोकांना सांगते. तू म्हणतेस तसं काही नव्हतं, तुला मुंबईत देवनारला आयआयपीएसमध्ये, त्या लोकसंख्येच्या अभ्यासाच्या संस्थेत, गेल्यावर सुचलं. बरं, तसं. पण मी माझंच सांगणार.

तुझ्या त्या अ‍ॅरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९६३ चा लेख मला फार आवडला होता. दवाखान्यात विकणाऱ्याला सगळं कळतं आणि घेणाऱ्याला काहीच नाही, म्हणून हा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. मी म्हटलं, एवढं तर छबूमावशीनं पण सांगितलं असतं. तिला डॉक्टरनं काय सांगितलं? गर्भाशयाची पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक. पांढरं जात होतं, एवढंच. मी नर्स, तिची सख्खी बहीण, आणि मला कळलं ते टाके पडल्यावर. पैसे मुकादमाकडून घेतले, ते फेडायला पुढचा हंगाम, आणि त्या हंगामात कंबर धरून बसली. पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा अंगाची आग आग व्हायची तिच्या.

मग तू ग्रॉसमन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाचं सांगितलंस, १९७२ चं. आरोग्य हे भांडवल, माणूस ते घेऊन जन्माला येतो, वयाबरोबर ते झिजतं, खाणंपिणं नि औषधपाणी ही त्यातली गुंतवणूक. मी विचारलं, मग छबूनं भांडवल मोडलं म्हणायचं का? तू बराच वेळ गप्प होतीस. नंतर प्रबंधात लिहिलंस की तिच्या बाजूनं बघितलं तर ती गुंतवणूकच होती: दर महिन्याचा खाडा वाचतो, दवाखान्याची फेरी वाचते, कोयता बंद पडत नाही. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक आडवा झाला की दोघांची मजुरी जाते. बाई अडाणी म्हणून फसली असं म्हणणं सोपं, पण तिच्यापुढं जे ठेवलं होतं त्यात तिनं हिशेबच केला होता. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. आण्णांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, म्हणजे त्यांनीही वाचलं.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा अहवाल आला. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा गावातल्या लोकांना धक्का बसला. मला बसला नाही. आता पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. पण तू म्हणतेस तेच खरं: खाडा कापणं जोवर चालू आहे, तोवर परवानगीचा कागद शेजारच्या जिल्ह्यात जाऊन चुकवता येतो. हे सगळं तुला इथल्या कायम जागेवर बसून करता आलं नसतं का? विचारते फक्त.

उदयपूरच्या लसीकरणाच्या प्रयोगातल्या डाळीवरून आपलं भांडण झालं, त्यातलं माझं म्हणणं अजून तेच आहे. तो करणाऱ्या बॅनर्जी नि डुफ्लोबाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मान्य. १३४ गावांत करून बघितलं, तेही मान्य. काहीच केलं नाही तिथं पूर्ण लसीकरण ६ टक्के, ठरल्या दिवशी हमखास शिबिर भरलं तिथं १८, आणि शिबिरासोबत डोसामागं किलोभर डाळ नि शेवटी थाळ्या दिल्या तिथं ३९. सगळे लोक डाळीचंच बोलतात. मला ६ चे १८ झाले ते दिसतं. नर्स जागेवर असली की तिप्पट होतं, एवढंच ना त्याचं सार? आणि नर्स जागेवर का नसते ते कुणी लिहिलं? एका उपकेंद्रामागं पाच हजार लोकसंख्या, वर तालुक्याची मिटिंग, वर रजिस्टरं. ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या) इंजेक्शननं लेकरू रात्रभर फणफणतं आणि आईचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो, ती पुढच्या वेळी दार उघडत नाही. डाळ तिचा तो रोज भरून काढते, लाच नसते ती. हे तू म्हणालीस. मी रागात होते म्हणून तेव्हा मान्य केलं नाही.

तू तिकडं जाऊन हे सांगशील याचा मला अभिमान आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, पोरगी डॉक्टर झाली म्हणे, कुठल्या दवाखान्यात? मी म्हणते, ती डॉक्टरांचं बिल तपासणारी डॉक्टर आहे. आत्या लग्नाचं काढते, मी काढत नाही, याची नोंद घे. माझं एकच आहे. तू ज्या बायकांवर लिहितेस त्या सहा महिने एका कारखान्यावर, पुढच्या वर्षी दुसऱ्या. त्यांच्या अंगावर ते कसं दिसतं हे तूच मोजलंस. मग दर दोन वर्षांनी घर, देश, साहेब बदलणाऱ्या बाईच्या अंगावर काही दिसत नसेल का? तिची झोप, तिचं जेवण कोण मोजतं? दिवाळीला आलीस तेव्हा रात्री दोनला लॅपटॉपचा उजेड दाराखालून येत होता. मी उठून पाणी प्यायचं निमित्त केलं नि परत झोपले.

असो. भाषण झालं. तुझे आण्णा म्हणतात तुझ्या आईला निवृत्तीनंतरही गृहभेटी चालू ठेवायच्या आहेत. राग मानू नकोस.

सामानात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ ठेवलंय, विमानात चालत नसेल तर आधी सांग, म्हणजे छबूमावशीला राग येणार नाही, चटणी तिनं कुटलीय. तिची कंबर आता बरी आहे. थायरॉइडची तपासणी निघायच्या आधी करून घे आणि रिपोर्ट मला फोटो काढून पाठव, "ठीक आहे" असं लिहू नकोस. आकडा हवा.

तुझी,
आई

ता. क. पेपरात एका विद्यापीठाची जाहिरात आलीय, सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र, कायम. कात्रण सोबत जोडलंय. अर्ज कर असं मी म्हणत नाही. शेवटची तारीख तेवढी बघून ठेव.