पोस्टर झकास आहे, पण काढलं कोणी?

मा. संपादक,

शहरात सध्या वाईन फेस्टिव्हलचं जे पोस्टर लागलंय त्यावरून बरीच बोलाबोली चालू आहे. वाईन हवी का नको ह्या वादात मी पडत नाही. मला बोलायचंय ते फक्त चित्राबद्दल, कारण माझं सगळं आयुष्य प्रिंटिंगच्या धंद्यात गेलंय आणि असं काम नागपुरात फार दिवसांनी बघायला मिळालं.

लॉ कॉलेज चौकात सिग्नल लागला की नीट बघा. पॅरिसमध्ये १८९० नंतर जी आर्ट नूव्हो (म्हणजे वेलींसारख्या वळणदार रेघांच्या शैलीची) पोस्टरं निघाली, अल्फोन्स मुखा ह्या चित्रकाराची वगैरे, त्या वळणाचं आहे ते. बाईच्या डोक्यामागे मोठं गोल चक्र, मोकळे केस, बाहेरची रेघ जाड आणि आतल्या रेघा बारीक, रंग जरा फिकेच. पण नुसती नक्कल नाहीये बरं का, बाई नऊवारीत आहे आणि द्राक्षाच्या वेलाच्या कमानीत मधेच संत्र्याची फांदी गुंफलीय, ती कुठून सुरू होते ते फक्त पानांवरून कळतं, द्राक्षाचं पान कातरलेलं आणि संत्र्याचं साधं, टोकदार. हे ज्यानं काढलं त्यानं झाड समोर ठेवून बघितलंय.

आणि त्याचं नाव पोस्टरवर कुठेच नाही! खाली स्पॉन्सर लोकांचे लोगो ओळीनं आहेत, तिकिटाचा क्यूआर कोड आहे, अटी लागू आहेत, पण चित्रकार नाही. मी आयोजकांना फोन केला तर म्हणे ते एजन्सीकडून आलं, आम्हाला कल्पना नाही.

ज्या मुखाची स्टाईल घेतली त्याचं तरी बघा ना. १८९४च्या शेवटी त्यानं सारा बर्नहार्ट ह्या नटीच्या नाटकाचं पोस्टर घाईघाईत करून दिलं, १ जानेवारी १८९५ला ते पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि एका पोस्टरनं माणूस प्रसिद्ध झाला, कारण खाली त्याची सही होती. पुढे त्यानं शँपेनच्या कंपन्यांसाठीही पोस्टरं केली, तिथेही सही आहेच. वाईनवाल्यांना तर ह्याची सवय आहे, फ्रान्समधल्या शातो मूताँ रॉथशिल्डच्या बाटलीवर १९४५ पासून जवळपास दरवर्षी नव्या चित्रकाराचं चित्र असतं, दाली, शागाल, पिकासो सगळे झाले, २००९च्या लेबलवर तर आपल्या मुंबईत जन्मलेला अनिश कपूर आहे. लोक ती लेबलं चित्रकाराच्या नावानं ओळखतात.

कोणी म्हणेल आपल्याकडे अशी पद्धतच नाही, अजिंठ्याच्या चित्रकारांची तरी नावं कुठे माहीत आहेत. बरोबर आहे, पण १६ नंबरच्या लेण्यात पैसा लावणाऱ्या वराहदेवाचं नाव शिलालेखात आहे, तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, म्हणजे आपल्या वाशिमच्या शाखेचा. देणाऱ्याचं नाव दगडात कोरलं आणि काढणाऱ्याचं गेलं, दीड हजार वर्षं झाली तरी आपण तेच करतोय, काहून? आणि आपल्या बाजारातल्या दुकानांच्या जुन्या पाट्या बघा, कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचंच, त्यावरूनच त्याला पुढचं काम मिळायचं. फ्लेक्स आला आणि तो कोपराच गेला.

शिवाय हा मेहेरबानीचा मामला नाहीये. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७ वाचा, चित्राचे हक्क विकून टाकले तरी हे काम माझं आहे असं सांगायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. एजन्सीला पैसे दिले म्हणजे नाव पुसायची परवानगी मिळाली असं होत नाही.

आयोजकांना विनंती आहे की एजन्सीला विचारा, नाव शोधा आणि निदान नव्यानं छापाल त्या पोस्टरवर आणि ऑनलाइन टाकता त्या फोटोवर कोपऱ्यात एक ओळ टाका, त्याला जास्तीचा एक रुपया लागत नाही, हे मी छपाईवाला म्हणून सांगतोय. आणि संपादक साहेब, तुम्हीही कुठल्या कार्यक्रमाचं पोस्टर छापाल तेव्हा फोटोखाली चित्रकाराचं नाव विचारून टाकत जा. आणि तो मुलगा किंवा मुलगी हे वाचत असेल तर स्वतःहून पेपरला कळवावं, नाव सांगायला लाजू नये.

एक वाचक,
धरमपेठ, नागपूर